कुंतीच्या हेजला पडलेलं खिंडार कशानं बुजवायचं?

एका ताईंनी विचारलेला प्रश्न थोडक्यात असा आहे. पार्ल्याची जुनी सोसायटी, कंपाउंडच्या आतल्या बाजूनं चाळीस फूट लांब कुंतीची हेज, म्हणजे पांढऱ्या सुवासिक फुलांच्या गडद हिरव्या झुडपांचं कापून राखलेलं कुंपण, तीसेक वर्षांची, उंची साडेचार फूट. मागच्या वर्षी पाइपलाइनसाठी चर खणला गेला, नंतर मधली तीन झाडं हळूहळू सुकली आणि आता पाच फुटांचं खिंडार पडलंय, त्यातनं पोरं आणि बिल्डिंगमधला एक कुत्रा ये-जा करतात. नर्सरीवाला म्हणतो गोल्डन दुरांटा, ते पिवळ्या पानांचं झुडूप, लावा, चार महिन्यांत भरून जाईल. सेक्रेटरी म्हणतात अरेलिया लावा. माळी म्हणतो, सब निकाल देते है, नया लगाते है. ताई विचारतायत यातलं ऐकायचं कोणाचं.

ताई, खरं सांगू का, तिघांचंही नको. माळ्याचं तर अजिबातच नको, कारण तीस वर्षांची कुंतीची हेज विकत मिळत नाही, ती उपटायला एक दिवस लागतो आणि परत तशी व्हायला तुमच्या नातवाचं लग्न उजाडेल. नर्सरीवाल्याचं म्हणणं मात्र मोह पडण्यासारखं आहे हे मान्य, कारण दुरांटा खरंच पटकन भरतो. मीसुद्धा त्या मोहाला बळी पडलोय.

वीसेक वर्षांपूर्वी गोरेगावच्या एका सोसायटीत असंच खिंडार होतं, कुंतीचंच, गणपतीच्या आत भरून हवं होतं, मी सहा गोल्डन दुरांटा ठोकले आणि गणपतीपर्यंत खरंच भरून गेलं, सगळ्यांनी वाहवा केली. दिवाळीपर्यंत लक्षात आलं की गडद हिरव्या हेजच्या मधोमध पिवळाधमक तुकडा म्हणजे तोंडात एकच सोन्याचा दात बसवल्यासारखं दिसतंय. पण रंगाचं एक वेळ चाललं असतं, खरी पंचाईत दुसरीच झाली. पावसात दुरांटा दर दोन-तीन आठवड्यांनी कापायला लागायचा आणि कुंतीला तेवढ्यात दोन इंचसुद्धा फूट आलेली नसायची. माळी एकदा आला की सरसकट कात्री फिरवणार, तो काय थांबून विचार करणार आहे का, म्हणजे मग कुंती गरज नसताना कापली जायची, किंवा कुंतीच्या हिशेबानं तो महिन्या-दीड महिन्यानं आला की तोवर दुरांट्याचे दोन-दोन फुटांचे फुटवे बाहेर लोंबत असायचे आणि शेजारच्या कुंतीवर सावली धरायचे. दोन वर्षांत दुरांट्याच्या दोन्ही बाजूंची कुंतीची झाडं त्या कडेनं बोडकी झाली. म्हणजे पाच फुटांचं खिंडार बुजवायला गेलो आणि आठ फुटांचं करून बसलो. शेवटी सगळा दुरांटा काढला, माझ्या खर्चानं.

तेव्हापासून माझा साधा हिशेब आहे, भरायला झाड निवडताना पान आणि रंग नंतर बघायचा, आधी वाढायची गती बघायची. शेजाऱ्याला जितक्या वेळा कात्री लागते तितक्याच वेळा कात्री लागणारं झाड हवं. बैलगाडीला एका बाजूला बैल आणि एका बाजूला घोडा जुंपला तर गाडी कुठे जाणार. अकॅलिफा, हमेलिया, दुरांटा, कोयनेल ही सगळी धावणारी मंडळी, यांच्यातल्या यांच्यात एकाला दुसरं चालतं. कुंती, एक्झोरा, करवंद ही सावकाश चालणारी. जास्वंद आणि तगर मधल्या चालीची. आणि अरेलियाचं विचाराल तर ते सरळ उभ्या काठ्यांसारखं वाढतं, आडवं फुटायला खूप वेळा शेंडे मारायला लागतात, कुंतीच्या गच्च भिंतीत ते सावलीतल्या खिडकीच्या गजांसारखं दिसतं. सेक्रेटरींना सांगा, अरेलिया जिन्याजवळ कुंडीत छान दिसेल.

बरं, पण झाडाच्या आधी एक काम आहे आणि ते कोणी करत नाही. ती तीन झाडं मेली कशानं हे बघा. आणि मुळात मेलीयत का हे पण बघा. खोडाच्या अगदी तळाशी, जमिनीपासून चार बोटांवर, नखानं किंवा चाकूच्या टोकानं साल जराशी खरवडा. खाली ओलसर हिरवं दिसलं तर झाड जिवंत आहे, वर कितीही काटक्या झाल्या असल्या तरी. कुंती चिवट असते, लाकूड तर इतकं कडक की बोथट सिकेटरनं, म्हणजे फांद्या कापायच्या कात्रीनं, कापायला गेलात तर मनगट दुखतं. असं हिरवं सापडलं तर करवतीनं सहा-नऊ इंचांवर कापून टाका आणि पाऊस लागल्यावर दीड-दोन महिने वाट बघा, बुडातून फुटवे येतात, आणि त्या फुटव्यांना खाली मोठी जुनी मुळं असल्यामुळे ते नवीन रोपापेक्षा कितीतरी जोरात येतात. मला दोन वेळा असं झालंय की लोकांनी खड्डे खणायला बोलावलं आणि मी फक्त करवत चालवून परत आलो.

तपकिरी, कोरडं, टकटक वाजणारं लाकूड निघालं तर मग मेलंय. ते बुडासकट खणून काढा, खुंट जमिनीत ठेवू नका, मुंबईत मेलेल्या खुंटाला वाळवी लागायला वेळ लागत नाही आणि कुजकं मूळ आत राहिलं की बुरशी नव्या मुळाला लागते. काढताना माती हातात घ्या. वास घ्या, हसू नका. पावसाळी मातीचा वास आला तर ठीक, गटाराचा किंवा आंबूस वास आला तर तिथे पाणी साचतंय किंवा ड्रेनेजचा पाइप कुठेतरी गळतोय आणि मग तिथे सोन्याचं झाड लावलं तरी ते मरणार. तुमच्या केसमध्ये चर खणला होता म्हणताय, तर माझा अंदाज असा की चर बुजवताना वरची माती खाली आणि खालचं डेब्रिज वर असं झालंय. हे मी इतक्या वेळा बघितलंय की आता पहार मारली की आवाजावरनं कळतं. खाली विटांचे तुकडे, टाइल्स, सिमेंटचे गोळे निघतील. एकदा अख्खी किचन सिंकची कड निघाली होती. हे सगळं काढायलाच लागेल, चार घमेली असो नाहीतर चाळीस.

दुसरी कारणं पण असतात, ती पटकन सांगतो. खिंडार बरोबर पार्किंगसमोर असेल तर गाडी रिव्हर्स घेताना धूर आणि धक्का, खिंडार तळमजल्याच्या एसीच्या बाहेरच्या युनिटसमोर असेल तर ती गरम हवा मार्चपासून पानं भाजते, टाकी धुतल्यावर पाणी त्याच जागी सोडत असतील तर त्यातलं ब्लीचिंग. आणि पोरांची पायवाट. पायवाट हे नुसतं कारण नाही, तो ट्रॅफिक आहे, त्याबद्दल शेवटी बोलतो. तौक्ते वादळ आलं होतं ना, १७ मे २०२१ ला, त्या वर्षी तर पडलेल्या झाडांच्या फांद्यांखाली चिरडलेल्या हेजची कामं मी दिवाळीपर्यंत करत होतो, तिथे कारण शोधायची गरजच नव्हती.

ड्रेनेज बघायची सोपी रीत, दीड फूट खोल खड्डा करा, बादलीनं काठोकाठ भरा, मुरू द्या, परत भरा. दुसऱ्यांदा भरलेलं पाणी सकाळपर्यंत तसंच उभं असेल तर तिथे खड्ड्यात रोप लावायचंच नाही, आजूबाजूपेक्षा सहा-आठ इंच उंच वरंबा करून त्यावर लावायचं. आपल्याकडे सांताक्रूझला जून ते सप्टेंबर दोन हजार मिलिमीटरच्या वर पाऊस पडतो, २६ जुलै २००५ ला तर एका दिवसात ९४४ मिलिमीटर पडला होता, त्यामुळे मुंबईत रोप तहानेनं जितकं मरतं तितकंच बुडूनही मरतं. मी तर म्हणेन जास्त बुडून.

आता मुख्य भांडण, मुळांचं. जुन्या हेजमध्ये नवीन रोप लावणं म्हणजे पाच पन्नासच्या विरार फास्टमध्ये दादरला चढणं. वरती पाच फूट जागा मोकळी दिसते पण जमिनीखाली दोन्ही बाजूंच्या झाडांची मुळं त्या जागेत कधीच येऊन बसलेली असतात, आणि तुम्ही शेणखत घातलंत की आणखी जोरात येतात. रोप बिचारं जागेवर उभं राहतं, मरत नाही, वाढतही नाही, दोन वर्षांनी लोक म्हणतात नर्सरीवाल्यानं फसवलं. म्हणून खिंडाराच्या दोन्ही टोकांना, जिवंत झाडाच्या खोडापासून फूट-सव्वा फूट अंतर सोडून, धारदार फावड्यानं किंवा पहारीनं सरळ उभा काप घ्या, दीड फूट खोल. मुळं तुटतात, तुटू देत, एका बाजूची थोडी तुटल्यानं जुनं झाड मरत नाही. आणि त्या कापात काहीतरी उभं घाला म्हणजे वर्ष-दोन वर्षं तरी मुळं परत शिरायची नाहीत. जुना पत्रा चालतो. मी फ्लेक्स वापरतो, वाढदिवसाच्या हार्दिक शुभेच्छांचे, मुंबईत त्याला कधी तोटा नाही, दुहेरी घडी करून उभा पुरायचा, साहेबांचा चेहरा कुठल्या बाजूला करायचा ते तुमच्या मतदानावर. दोन वर्षांनी आठवणीनं ओढून काढायचा, कायमचा मातीत ठेवायचा नाही. जिथे तुमची पाइपलाइन आहे तिथे मात्र पहार जपून, आधी कुठून गेलीय ते विचारून घ्या, गॅसचा पाइप असेल तर त्या बाजूला हातानं खुरप्यानंच खणा.

पाच फुटांचं खिंडार खरं म्हणजे पाच फुटांचं नसतं. दोन्ही बाजूंच्या झाडांना खिंडाराकडची बाजू एक सीझन कापायचीच नाही असं माळ्याला सांगितलं, दम देऊन सांगितलं, तर पावसाळ्यात आणि पुढच्या वर्षात प्रत्येक बाजूनं फूटभर तरी आत येतात. म्हणजे उरलं तीन फूट. या कडा बोडक्या असतील, आतली लाकडं दिसत असतील, तर ते शेंडे आठ-नऊ इंच मागे कापा म्हणजे आतून फूट येईल. शिवाय खालची एखादी लांब लवचिक फांदी खिंडाराकडे वाकवून जमिनीवर टेकवून दगडानं दाबता येते, आपलं दाब कलम. कोयनेल किंवा दुरांटा असता तर दोन महिन्यांत मुळं धरली असती. कुंतीला दाब कलमाला खूप वेळ लागतो, मी त्यावर अवलंबून राहत नाही, पण फुकटचं आहे तर एक-दोन फांद्या दाबून ठेवायला काय जातंय.

उरलेल्या तीन फुटांत काय लावायचं तर माझं उत्तर कुंतीच. दुसरं काही सुचवून हुशारी दाखवायची मला हौस नाही. फक्त आधी ती कुंतीच आहे याची खात्री करा, कारण आपले बरेच माळी कुठल्याही कापलेल्या हेजला मेंदीच म्हणतात, आणि सोसायटीच्या कागदात पण मेंदी कटिंग असंच लिहिलेलं असतं. कुंतीचं संयुक्त पान असतं, एका देठावर तीन ते सात-आठ छोटी, चकचकीत, गडद पर्णिका, कढीपत्त्याच्या कुळातली आहे पण कढीपत्त्याचं पान लांब, पुष्कळ पर्णिकांचं असतं आणि चुरगळल्यावर वास येतो तो तुम्हाला मी सांगायला नको. कुंतीला पांढरी फुलं गुच्छानं येतात, पाऊस पडून गेला की काही दिवसांनी एकदम, अख्खी सोसायटी संत्र्याच्या फुलासारख्या वासानं भरते, आणि मग लालसर फळं. सारखी कात्री चालली तर फुलं कमी येतात त्यामुळे काही लोकांना वर्षानुवर्षं कळतही नाही आपल्याकडे कुंती आहे ते.

रोपं आणायच्या आधी तुमच्याच हेजच्या बुडाशी, सावलीत, वाकून बघा. बुलबुल फळं खातात, खाली बिया पडतात, त्यामुळे जुन्या कुंतीखाली चार-सहा इंचांची पिल्लं हमखास असतात आणि माळी ती गवत समजून खुरपून टाकतो. तीच उचलून पिशवीत लावा. आत्ता खिंडारात लावायला ती लहान आहेत पण राखीव खेळाडू म्हणून ठेवा, वर्ष-दोन वर्षांनी एखादं झाड गेलं तर घरचंच रोप तयार, त्याच वंशाचं, पानाचा रंग आणि आकार जवळजवळ तोच. कारण कुंतीतही प्रकार आहेत, नर्सरीत हल्ली बुटक्या बारीक पानाची कुंती जास्त मिळते, ती कुंडीला गोड दिसते पण तुमच्या जुन्या मोठ्या पानाच्या कुंतीत ती कायम वेगळी दिसणार आणि साडेचार फुटांवर पोचायला तिला जन्म जाणार. म्हणून नर्सरीत जाताना हेजची एक फांदी तोडून सोबत घेऊन जा आणि रोपाशेजारी धरून बघा. फोटो नाही, फांदी. फोटोत सगळं हिरवं सारखंच दिसतं.

किती मोठं रोप घ्यायचं यावर लोक दोन टोकांना जातात. एक जण आठ बाय दहाच्या पिशवीतलं फूटभर रोप आणतो, ते शेजाऱ्यांच्या सावलीत गुदमरतं. दुसरा म्हणतो पैसे गेले तरी चालतील, साडेचार फुटी तयार झाड आणा, ते पिशवीत इतकी वर्षं बसलेलं असतं की मुळं आतल्या आत गोल गोल फिरून दोरखंड झालेला असतो, वरती पण नुसतं खोड आणि टोकाला छत्री. मधलं घ्या, अडीच-तीन फूट, आणि उंचीपेक्षा बुंध्यापासून किती फांद्या आहेत ते बघा. तीन-चार फांद्या जमिनीलगत फुटलेलं दोन फुटी रोप हे एकदांडी चार फुटी रोपापेक्षा हेजला केव्हाही भारी. पिशवी उचलून तळ बघा, थोडी मुळं भोकातनं डोकावतायत तर छान, जाड मूळ बाहेर येऊन जमिनीत घुसलेलं असेल तर ते रोप ठेवून द्या. आणखी एक, मुंबईत येणारा बराच माल बाहेरून येतो, पुण्याकडून उरळी कांचनच्या बाजूनं, आंध्रातल्या कडियमहून, आणि त्यात काही वेळा मुळाभोवती चिकणमातीचा घट्ट गोळा असतो. तो एकदा सुकला की दगड होतो, वरनं ओतलेलं पाणी बाजूनं निघून जातं आणि आतलं मूळ कोरडं. असा गोळा असेल तर लावायच्या आधी बादलीत बुडवून बुडबुडे थांबेपर्यंत ठेवा.

तीन फुटांत तीन रोपं, एका रेषेत नाही तर जराशी नागमोडी, मधलं रोप सहा इंच मागे. पाच घालायचा मोह होईल, नका घालू.

कुंती चालणार नाही अशी जागा असेल तरच दुसऱ्या झाडाचा विचार. हे तुमच्यासाठी नाही पण बाकीचे वाचतील म्हणून सांगतो. वर्सोवा, वरळी, बँडस्टँडसारखी समुद्राची खारी हवा अंगावर घेणारी जागा असेल तर कोयनेल, काही जण वनजाई म्हणतात, हे मुळात खाडीकाठचं, खारफुटीच्या शेजारी वाढणारं आपलंच झाड आहे, त्याला खाऱ्या वाऱ्याचं काही वाटत नाही, फांदीचे पेन्सिलीएवढे तुकडे जूनमध्ये टोचले तरी लागतात, फक्त ते धावणारं आहे हे लक्षात ठेवा, म्हणजे तिथली अख्खी हेज कोयनेलची असेल तरच. मोठ्या रेन ट्रीखाली दिवसभर ऊन नसेल तर फुलझाडांचा नाद सोडा आणि रॅफिस पाम लावा, सावलीत गच्च होणारं आणि शहाण्यासारखं हळू वाढणारं त्याच्यासारखं दुसरं नाही. गोल्डन दुरांटा सावलीत पिवळा राहतच नाही, हिरवा होऊन उंचाडा होतो. थोडं ऊन थोडी सावली असेल तर अडुळसा, कोकणातल्या कुंपणांचा जुना गडी, गुरंसुद्धा त्याला सहसा तोंड लावत नाहीत, मुंबईत का कोणी लावत नाही देव जाणे. एक्झोरा सुंदर, पण सिमेंटच्या भिंतीला लागून लावलात की पानं पिवळी, शिरा हिरव्या, असं होतं, प्लास्टर आणि डेब्रिजचा चुना त्याला सोसत नाही, लाल मातीत मात्र मस्त. मागच्या भिंतीवरून चोर उतरतात अशी तक्रार असेल तर करवंद. काटे, वर्षभर हिरवं, आणि मे महिन्यात खायला करवंदं.

दोन गोष्टींना माझा सरळ नकार आहे. फायकस, मग तो बेंजामिना असो की दुसरा कुठला, कंपाउंड वॉलला लागून नको. पाच वर्षं फार देखणा दिसतो आणि मग मुळं भिंतीत, चेंबरमध्ये, पाण्याच्या पाइपात शिरतात. आणि जिथे लहान पोरं खेळतात तिथे कण्हेर आणि बिट्टी नको, दोन्ही पूर्ण विषारी आहेत, पान, बी, सगळंच. दुरांट्याची पिवळी फळंही खायची नसतात, नर्सरीवाला हे सांगणार नाही.

आणि समजा सारखं झाड मिळालंच नाही, घाईच आहे, तर एक युक्ती. वेगळं झाड एकाच जागी लावलं तर ठिगळ दिसतं, तेच हेजमध्ये तीन जागी ठरावीक अंतरावर लावलं तर लोकांना वाटतं डिझाइन आहे. चाळीस फुटांत खिंडाराच्या जागी आणि दोन्ही टोकांना तगर लावा, तगर थोडी उंच ठेवा, पांढरी फुलं वर्षभर थोडी थोडी. पूजेलाही होतात. कमिटीत कोणाचा विरोध होत नाही.

वेळेचं बघू. आत्ता मे चालू आहे, आत्ता लावू नका, कितीही पाणी घालीन म्हणालात तरी नका. आत्ता करायचं काम म्हणजे खुंट काढणं, डेब्रिज काढणं, खड्डा उघडा टाकून उन्हात तापू देणं, शेणखत आणून ठेवणं. मुंबईत पाऊस यायची सरासरी तारीख ११ जून धरतात पण २०२५ साली तो २६ मेलाच आला आणि मग जून उजाडल्यावर दडी मारून बसला, पहिल्या पावसात रोपं लावलेल्यांची फजिती झाली. म्हणून पहिल्या सरीला भुलायचं नाही, तीन-चार दिवस सलग पडून माती वीतभर खाली ओली झाली की लावायचं, म्हणजे साधारण जूनचा शेवट ते जुलैचा पहिला पंधरवडा. ऑगस्टमध्ये माती चिखल झालेली असते, त्यात तुडवून लावलं की ती विटेसारखी बसते.

खड्ड्यात लाल माती एकटी भरू नका, मुंबईत ट्रकनं येणारी लाल माती दोन पावसांत घट्ट होते. निम्मी तिथलीच चाळलेली माती, उरलेल्यात लाल माती आणि पूर्ण कुजलेलं शेणखत अर्धं अर्धं, दोन मुठी निंबोळी पेंड, आणि जुनं झाड कुजून मेलं असेल तर शेणखतात चमचाभर ट्रायकोडर्मा, म्हणजे रोगट बुरशीला मारणारी उपयोगी बुरशी, मिसळून आठवडाभर ओलसर सावलीत झाकून ठेवलेलं. रासायनिक खत पहिले तीन महिने नाही.

आणि लावताना स्वतः तिथे उभ्या राहा, ही विनंती समजा. बोरिवलीच्या एका सोसायटीत मला बोलावलं, सहा रोपं लावून वर्ष झालं, एक इंच वाढ नाही, हलवली तर बुंधा मातीत लगोरीसारखा डुलत होता. एक उपटून बघितलं तर काळी पिशवी तशीच. पिशवीसकट लावलेलं. आत मुळांचा घट्ट गुंडा, पिशवीच्या आकाराचा, शिवणीच्या जागी दोन मुळं बाहेर आलेली तेवढ्यावर बिचारं जगत होतं. सहाच्या सहा तशीच. माळ्याला विचारलं तर म्हणाला, साहब, थैली निकालने से मिट्टी टूट जाती है. त्याचं चूक नाही, त्याला तसंच शिकवलं होतं, माती फुटू नये म्हणून. पिशवी ब्लेडनं उभी कापायची, गोळा हातात धरून खड्ड्यात बसवायचा, गोल फिरलेली मुळं दिसली तर बाजूनं तीन-चार जागी ब्लेडनं उभ्या चिरा द्यायच्या. बुंधा पिशवीत होता त्याच पातळीला किंवा बोटभर वर, खाली कधीच नाही. पायानं धबाधबा तुडवायचं नाही.

लावल्या लावल्या शेंडे मारा. जीवावर येतं, अडीच फुटी रोपाचं दीड-पावणेदोन फूट करायचं म्हणजे पैसे कापल्यासारखं वाटतं, पण न कापता सोडलं तर ते बांबूसारखं सरळ साडेचार फुटांवर जाऊन शेजाऱ्यांना भिडेल आणि खाली पोकळीच राहील, कुत्र्याला तर तेवढीच हवीय. खालून भरत आणायचं, दर वेळी सहा-आठ इंच वाढू द्यायचं आणि अर्धं कापायचं, पूर्ण उंचीला यायला दोन ते तीन पावसाळे धरा.

बाकी हेज कापायची तुमच्या माळ्याची पद्धतही बघून घ्या. बहुतेक ठिकाणी वर रुंद आणि खाली निमुळती झालेली असते, कारण वरचं वाढतं जास्त आणि कात्री उभी धरली जाते. उलट हवं, खाली दोन-चार इंच जास्त रुंद, वर अरुंद, म्हणजे बुडापर्यंत ऊन पोचतं. हँगिंग गार्डनमधले कापून केलेले प्राणी लहानपणी सगळ्यांनीच बघितलेत, पुढच्या वेळी जाल तेव्हा त्यांच्या पोटाखाली बघा, ऊन न लागणारी बाजू नेहमी वरच्यापेक्षा विरळ असते.

जुलै-ऑगस्टमध्ये नव्या कोवळ्या पानांवर पक्ष्याच्या शिटेसारखं काहीतरी चिकटलेलं दिसेल, ते हललं तर घाबरू नका आणि फवारणीवाल्याला बोलावू नका. कॉमन मॉरमॉन फुलपाखराची अळी आहे ती, मोठी झाली की हिरवी होते. लिंबू, कढीपत्ता, कुंती हे त्यांचं जेवणाचं ताट. रोप अगदीच लहान असेल तर अळ्या उचलून जुन्या मोठ्या झाडावर नेऊन सोडा, तिथे खाऊ देत, त्या झाडाला कळणारही नाही. पांढरा कापसासारखा पिठ्या ढेकूण दिसला तर मात्र पाण्याचा जोरात फवारा आणि मग नीम तेल आणि साबणाचं पाणी, आठ-आठ दिवसांनी तीनदा. आणि मोठी कटिंग करायच्या आधी फांद्या बाजूला करून बुलबुलाचं घरटं नाही ना हे एकदा बघा.

रोपं मरतात ती बहुतेक पावसात नाही, ऑक्टोबरमध्ये मरतात. पाऊस साधारण ८ ऑक्टोबरच्या आसपास जातो, ऑक्टोबर हीट सुरू होते, आणि माळ्याला अजून पावसाळ्याची सवय असते, पाइप उचलतच नाही. वरनं हेज हिरवीगार दिसते कारण जुन्या झाडांची मुळं खोल असतात, नवीन तीन मात्र खाली मान घालतात. त्यांच्याभोवती वेगळं आळं करा आणि पहिला उन्हाळा संपेपर्यंत एक दिवसाआड प्रत्येकी अर्धी बादली हळूहळू, पाइपानं अख्ख्या हेजवर उडवलेलं पाणी मोजायचं नाही.

राहिला पोरांचा आणि कुत्र्याचा प्रश्न. पोरं तिथूनच का जातात ते बघा, बहुतेक पलीकडे सायकलस्टँड किंवा नळ असणार. दोन सीझन खिंडारासमोर तीन बांबू आणि नायलॉनची जाळी लावायलाच लागेल, आणि पोरांना पाच पावलांवर दुसरी वाट द्यायला लागेल, हेजच्या टोकाला दीड फूट मोकळं सोडून दोन फरशा टाका, नाहीतर ती जाळीच्या शेजारी नवीन खिंडार पाडतील. कुत्रा जाळीखालनं जाईल, त्याला काही उपाय नाही, मी तरी करवंदाची एक वाळकी काटेरी फांदी आडवी टाकतो, आठवडाभर तो लांबनं बघत बसतो आणि मग फरशांवरून जायला लागतो.